घाटात थांबायचं कुठं? पर्यटनमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. पर्यटनमंत्री, महाराष्ट्र राज्य
(एक प्रत मा. सार्वजनिक बांधकाम मंत्र्यांच्या माहितीसाठी)

सविनय नमस्कार.

मी नोकरी करणारी बाई. गेली अकरा-बारा वर्षं सुट्टी मिळाली की स्वतः गाडी चालवत सह्याद्रीतले घाट चढते-उतरते. सोबत बहुतेक वेळा आई असायची. तिचं वय 72. वरंध, ताम्हिणी, आंबेनळी, माळशेज, कुंभार्ली, आंबोली हे सगळे घाट आम्ही दोघींनी मिळून केले, काही तर चार-चार वेळा. तिला वळणावळणावर झाडांची नावं सांगायची हौस, मला गाडी हळू हाकायची. एवढ्या वर्षांत आम्हाला एक गोष्ट मात्र कधी धड करता आली नाही, ती म्हणजे थांबणं. या पत्रात मी तेवढंच मागणार आहे.

गेल्या वर्षी घटस्थापनेच्या आदल्या रविवारी आम्ही भोरहून महाडकडे उतरत होतो. पाऊस ओसरला होता, डोंगर अजून हिरवा होता. आई मधुमेही आहे, तिला फार वेळ कळ काढता येत नाही. भोर सोडून तास होऊन गेला होता. घाटात भज्यांच्या टपऱ्या दिसल्या म्हणून गाडी बाजूला घेतली आणि तिथल्या बाईंना विचारलं, बायकांना जायला कुठे सोय आहे का? त्यांचे हात मनगटापर्यंत बेसनाने भरलेले होते. त्यांनी ते फडक्याला पुसले, टपरीमागची ताडपत्री काढली आणि झुडपापाशी स्वतः आडोसा धरून उभ्या राहिल्या. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. वाऱ्याने ताडपत्रीचं टोक उडत होतं आणि त्या ते पायाने दाबून धरत होत्या. आई परत आल्यावर मी आभार मानायला गेले, तर म्हणाल्या, "त्यात काय ताई, आम्ही तर सकाळी घरून निघताना पाणीच पीत नाही. संध्याकाळी घरी गेल्यावर पितो."

महाड येईपर्यंत आई गप्प होती. जेवायला थांबलो तेव्हा तिने पाण्याचा पेला दूर सारला आणि म्हणाली, "पुढच्या वेळी तू मैत्रिणींबरोबर जा." त्यानंतर ती माझ्याबरोबर घाटात आलेली नाही.

मंत्रिमहोदय, ही काही आमच्या दोघींचीच रड नाही. घाटरस्त्याने जाणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. ती आधीच्या शहरातला पेट्रोल पंप आणि पुढच्या शहरातला पेट्रोल पंप एवढा हिशेब डोक्यात ठेवूनच निघते. मधल्या साठ-सत्तर किलोमीटरमध्ये धबधबे असतात, देवळं असतात, गड असतात, पण तिच्यासाठी काहीच नसतं. आणि टपरीवरच्या बाईला तर आधीचा आणि पुढचा असा हिशेबही नाही. तिचा अख्खा दिवस तिथेच जातो.

दुसरी गोष्ट गाडीची. घाटात देखावा दिसतो तो वळणावर, कारण दरी वळणावरच उघडते. मग लोक गाडी वळणावरच उभी करतात. पावसाळ्यातल्या कुठल्याही रविवारी ताम्हिणीत जाऊन पाहा. धबधब्यासमोर एकामागे एक गाड्या लावलेल्या, दारं रस्त्याच्या बाजूला उघडतात, पोरं त्यातून उडी मारून पलीकडे धावतात आणि खालून वर येणाऱ्या मालट्रकला हे काहीच दिसत नसतं. अशा वेळी पोलीस दंड करतात ते योग्यच आहे. वळणावर गाडी लावणं चूकच. पण थोडं पुढे, सरळ रस्त्याला, दहा-बारा गाड्या रस्त्याबाहेर उभ्या राहतील अशी जागा कुणी करून ठेवलेली नाही. रस्ता रुंद झाला की साइडपट्टी तेवढी अरुंद होते आणि थांबणारा माणूस थेट रहदारीत उभा राहतो.

आता नाणेघाटाबद्दल सांगते, कारण हे पत्र लिहायचं मी तिथे बसूनच ठरवलं. जुन्नरहून गाडी थेट घाटमाथ्यावर जाते. माथ्यावर तो दगडी रांजण, ज्यात जकात गोळा करत असं सांगतात. थोडं खाली उतरलं की लेणं. आत तीन भिंतींना लागून दगडात कोरलेले बाक, आणि भिंतींवर ब्राह्मी लिपीतला सातवाहनांचा लेख. राणी नागनिकेच्या त्या लेखात यज्ञ किती केले आणि दक्षिणा म्हणून गाई, घोडे, हत्ती, कार्षापण (त्या काळची नाणी) किती दिले याचे आकडे आहेत. राजघराण्याच्या प्रतिमाही तिथे कोरलेल्या होत्या, आता फार तर पावलांच्या खुणा उरल्या आहेत. हे सगळं लोकांना थोडंफार ठाऊक असतं. माझं लक्ष गेलं ते आसपासच्या पाण्याच्या टाक्यांकडे. कातळ फोडून केलेली टाकी, वाटसरूंसाठी. कोकणातल्या बंदरांवरून माल घेऊन वर आलेला माणूस आणि त्याची जनावरं इथे दमून पोहोचणार, त्यांना पाणी लागणार, सावली लागणार, हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या राज्यकर्त्यांना कळत होतं. जकात घेतली, तशी सोयही केली. आज आपण टोल घेतो, प्रवेशशुल्क घेतो, पार्किंगचे पैसे घेतो.

ही रीत आपल्याकडे कधी तुटली नव्हती. कसारा घाटाच्या माथ्यावर घाटनदेवी आहे, बोरघाटात शिंग्रोबा आहे. आजही ट्रकवाले तिथे गाडी हळू करून नाणं टाकतात. घाट चढून आलं की क्षणभर टेकायचं, देवाला हात जोडायचे आणि पुढे निघायचं. अहिल्यादेवी होळकरांनी देशभर विहिरी, बारवा, धर्मशाळा बांधल्या त्या वाटसरूंसाठीच. त्यांच्या जन्माच्या त्रिशताब्दीनिमित्त मे 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाची बैठक त्यांच्या जन्मगावी, चौंडीला झाली, याचा मला मनापासून आनंद झाला होता. त्या बैठकीची आठवण ठेवून हे पत्र वाचावं, अशी विनंती आहे.

मला नेमकं काय हवंय ते सांगते. प्रत्येक घाटाच्या पायथ्याला एक आणि माथ्याला एक, आणि घाट लांब असेल तर मध्ये एक, असा थांबा. काचेचा पूल नको, कमान नको, रोषणाई तर अजिबात नको. रस्त्याबाहेर गाड्यांना जागा, दरीच्या बाजूला मजबूत कठडा, प्यायचं पाणी, बसायला चार बाक, आणि पाणी असलेलं, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह. शेजारी टपरीवाल्यांना ओट्यावर जागा द्या. त्यांना हटवून थांबा बांधू नका. घाटात धुक्यात गाडी बंद पडली की पहिला धावून येतो तो टपरीवालाच.

स्वच्छतागृहं बांधली जातात हे मला माहीत आहे. मी ती पाहिली आहेत. एका गडाच्या पायथ्याशी छान फरशी लावलेलं स्वच्छतागृह होतं आणि दाराला कुलूप होतं. किल्ली कुणाकडे आहे ते गावात कुणालाच सांगता आलं नाही. नळाला पाणी आलंच नव्हतं, असं नंतर एकाने सांगितलं. म्हणून माझा आग्रह असा की बांधकामाच्या पैशाइतकाच राखणीचा पैसा दरवर्षी बाजूला ठेवा, आणि किल्ली तिथेच राहणाऱ्या माणसाकडे द्या. आपल्याच विभागाचं महिलांसाठीचं 'आई' धोरण 2023 पासून आहे. पर्यटनात व्यवसाय करणाऱ्या बायकांना 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा त्यात मिळतो. त्याच धोरणात हे थांबे गावच्या बचत गटांना चालवायला देण्याची सोय करा. ज्या बाईने माझ्या आईसाठी ताडपत्री धरली तिच्या हातात किल्ली द्या. ते स्वच्छतागृह कधी बंद राहणार नाही, कारण ते तिलाही लागणार आहे.

पाण्याचा प्रश्न खरा आहे. कोकणाच्या तोंडाशी हजारो मिलिमीटर पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये घाटमाथ्यावरच्या वाड्यांना टँकर लागतो. त्याला उत्तर नाणेघाटातच आहे: पावसाचं पाणी साठवणारं टाकं. आता तर कातळ फोडायचीही गरज नाही.

थांब्यावर एक फलक असावा आणि तो मराठीत, नीट, जाणकारांकडून लिहून घेतलेला असावा. आम्ही कितीतरी गोष्टींच्या शेजारून गाडी घेऊन निघून जातो. वाईला ढोल्या गणपतीचं दर्शन घेऊन पाचगणीची वाट धरणाऱ्या माणसाला जवळच मेणवलीला कृष्णेच्या घाटावर पोर्तुगीज चर्चची घंटा टांगलेली आहे, चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेतून आलेली, हे कुणी सांगतच नाही. राजापूरच्या सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, समुद्राकडे जाणाऱ्याला आपण कातळशिल्पांच्या किती जवळून चाललो आहोत याची कल्पना नसते. कोकणातली ही कातळशिल्पं 2022 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीच्या सड्यावरच्या हत्तीच्या आत कितीतरी लहान प्राणी कोरलेले आहेत. तो पूर्ण पाहायला त्याच्याभोवती फेरी मारावी लागते.

आंबोलीचा घाट उतरणाऱ्यांचं तर मला फार वाईट वाटतं. धबधब्याखाली भिजून ते थेट गोव्याची वाट धरतात. महामार्ग सावंतवाडीला वळसा घालून जातो, त्यामुळे गाव दिसतही नाही. तिथल्या राजवाड्यात आजही गंजिफा, म्हणजे खेळायचे पत्ते, हाताने रंगवतात. आईने तिथे एक गोल पत्ता तळहातावर घेतला होता, मत्स्यावताराचा. दशावतारी गंजिफात दहा अवतार आणि प्रत्येकाचे बारा, असे 120 पत्ते. रंगवणारी मुलगी कुंचल्याच्या टोकाने माशाचे खवले काढत होती आणि आई श्वास रोखून बघत होती. पुढे कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाने चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची कला, आणि कळसूत्री बाहुल्या जपल्या आहेत. तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. एवढं सगळं महामार्गापासून हाकेच्या अंतरावर आहे. आंबोलीच्या माथ्यावर दोन ओळींचा फलक असता तर त्यातल्या चार गाड्या तरी वळल्या असत्या.

आणखी एक फलक हवा, तो घाटाच्या बऱ्याच अलीकडे. पावसाळ्यात वरंध घाट दरडींमुळे कितीदा तरी बंद करावा लागतो. जुलै 2021 च्या अतिवृष्टीत आंबेनळीचा रस्ता जागोजागी वाहून गेला होता. बंद करणं बरोबरच आहे, जीव महत्त्वाचा. पण ते कळतं घाटाच्या तोंडाशी लावलेल्या अडथळ्यापाशी. भोरच्या, पोलादपूरच्या चौकात 'घाट चालू' किंवा 'घाट बंद' एवढं रोज सकाळी लिहिलं तर म्हातारी माणसं आणि लहान मुलं घेऊन कुणाला अंधारात, पावसात, गाडी वळवायला जागा नसलेल्या रस्त्यावर अडकावं लागणार नाही.

गर्दी आता वाढणार आहे. 11 जुलै 2025 रोजी मराठा लष्करी स्थापत्याचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यातले 11 आपल्या राज्यात. त्या रात्री मी आणि आईने घरी शिरा केला होता. साल्हेर, शिवनेरी, राजगड, लोहगड, प्रतापगड, पन्हाळा... लोक तिथे बहुतेक गाडीनेच येणार. म्हणून गाड्या गडाच्या दारापर्यंत नेण्याचा मोह टाळा, ही हात जोडून विनंती. गाडी खाली ठेवून वर जाणं आपल्याला नवं नाही. माथेरानला सगळे गावाबाहेर दस्तुरी नाक्याला गाडी सोडतात आणि कुणी तक्रार करत नाही. कास पठारावर फुलांच्या हंगामात किती जणांना सोडायचं ते ठरलेलं असतं आणि गावकऱ्यांची समिती व्यवस्था पाहते. भंडारदऱ्याकडे वळवाच्या सरी पडल्यावर काजवे चमकतात ते जोडीदाराला बोलवायला, आणि आपण त्या झाडांवर गाडीचे दिवे सोडतो. तिथे तर अलीकडच्या गावातच गाड्या थांबल्या पाहिजेत. गाडी गावात थांबली की गावात चहा विकला जातो, भाकरी विकली जाते, वाटाड्याला काम मिळतं.

राज्याच्या 2024 च्या पर्यटन धोरणात दहा वर्षांत 1 लाख कोटींच्या गुंतवणुकीचं लक्ष्य आहे. मी मागतेय ते त्यात शोधूनही सापडणार नाही इतकं लहान आहे. सगळ्या घाटांवर एकदम करू नका. एकच घाट घ्या, भोर ते महाड. तीन थांबे बांधा, एक पावसाळा आणि एक उन्हाळा चालवून बघा, मग पुढचं ठरवा.

त्याआधी एक करा. एखाद्या रविवारी ताफा न घेता, घरातल्या बायकांना बरोबर घेऊन, त्या घाटाने जा. निघताना सगळ्यांना पोटभर पाणी प्यायला सांगा. टपऱ्यांपाशी थांबलात तर ताडपत्री असलेली टपरी विचारा. त्या बाईंना माझा नमस्कार सांगा, आणि त्यांना काय हवंय ते त्यांच्याच तोंडून ऐका.

पहिला थांबा सुरू झाला की मला वर्तमानपत्रातून कळेलच. मी आईला घेऊन येईन.

आपली,
घाटरस्त्यावरची एक प्रवासी