शूर्पणखेचं नाव बदलून पाहिलं

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

विषय : नाटकाच्या प्रयोगाआधी घ्यावी लागणारी पूर्वपरवानगी

स.न.वि.वि.

गेल्या वर्षी आम्ही एक एकांकिका केली. नाक कापलं गेल्यानंतरची शूर्पणखा. रंगमंचावर एकटीच, हातात स्टीलचं ताट, त्यात स्वतःचा चेहरा न्याहाळतेय. आयोजकांनी तालीम पाहिली आणि अगदी गोडीनं म्हणाले, "सगळं छान आहे, नाव तेवढं बदला. 'एक स्त्री' म्हणा." स्पर्धा दोन दिवसांवर आलेली, आम्ही बदललं. बाकी एक वाक्य इकडचं तिकडे केलं नाही. तरी प्रयोग पडला. ही बाई कोण, तिचं नाक कुणी कापलं, का कापलं, कुणाला काही कळेचना. त्या एका नावात जे आपसूक येत होतं, ते आम्हाला वीस वाक्यांतही सांगता आलं नसतं.

गिरीश कार्नाडांचं 'हयवदन' आपण पाहिलं असेलच. देवदत्त आणि कपिल यांच्या डोक्यांची अदलाबदल होते आणि पद्मिनीचा नवरा कोणता, डोक्याचा की धडाचा, असा पेच पडतो. प्रश्न जुनाच, वेताळानं विक्रमाला घातलेला. राजानं तो चुटकीसरशी सोडवला होता : डोकं ज्याचं, तो नवरा. कार्नाड तिथे थांबले नाहीत. त्यांच्या नाटकात धडालाही आठवणी असतात. आपण नक्की कोण, या प्रश्नाला इतकं हसवत हसवत भिडणं पुराणकथेच्या आधाराशिवाय जमलं असतं असं मला वाटत नाही.

आता थोडं कडू. खाडिलकरांचं 'कीचकवध' 1907 सालचं. त्यात इंग्रजांचं नाव कुठेही नाही. आहेत ते विराटाचा दरबार, सैरंध्री आणि भीम. तरी कीचकात व्हाइसरॉय राहिलेला कर्झन दिसतो हे सरकारला बरोबर उमगलं आणि 1910 मध्ये नाटकावर बंदी आली. पुराणातली गोष्ट आजच्याबद्दल बोलत असते, हे त्या परक्या साहेबाला पक्कं ठाऊक होतं. आपल्याकडे मात्र ती काचेच्या कपाटात ठेवायची वस्तू झालीय. हात लावला की कुणीतरी खेकसतं.

महाराष्ट्रात आजही प्रयोगाआधी नाटकाची संहिता सरकारच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे तपासायला द्यावी लागते, प्रमाणपत्र घ्यावं लागतं. मोबाइलवर लाखो लोक पाहतात त्या वेबमालिकेला असा आगाऊ शिक्का लागत नाही. दीडशे खुर्च्यांसमोरच्या नाटकाला लागतो!

आणि संहिता म्हणाल, तर 5 नोव्हेंबर 1843 ला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं आपापली भाषणं ऐनवेळी रचायची. ज्या तारखेला आपण दरवर्षी रंगभूमी दिन साजरा करतो, त्या तारखेचे संवाद कागदावर नव्हतेच. कोकणातल्या दशावतारात अजूनही तेच चालतं. काळ्या वेशातला, लाल जिभेचा संकासुर येतो, वेद पळवतो, मालवणीत बोलून मांडव हसवून सोडतो. समोर देवळाचा गाभारा असतो. देवाला त्याचा राग आल्याचं ऐकिवात नाही.

माझं मागणं एकच. ही पूर्वपरवानगी रद्द करा. वाटल्यास जाहिरातीवर आणि तिकिटावर वयाची सूचना सक्तीची करा. एखाद्या प्रयोगानं खरोखर गुन्हा केलाच, तर त्यासाठी कायदे आहेत, न्यायालयं आहेत. आणि बाहेर दंगा करणाऱ्यांना आवरायचं काम पोलिसांचं असतं, लेखकाच्या खोडरबराचं नाही.

तीच एकांकिका आम्ही पुन्हा बसवतोय. या खेपेला शूर्पणखा शूर्पणखाच आहे. ताटही तेच, फक्त मध्ये कुणीतरी त्यात जेवल्यामुळे जरा चरे पडलेत. पहिल्या रांगेतली एक खुर्ची आपल्यासाठी राखून ठेवतो.

आपला,
एक हौशी दिग्दर्शक