आई-बाबा, चिनूचा क्लास बंद केलाय

बाणेर, ५ जुलै

ती. आई-बाबांना,
शि. सा. न.

फोनवर हे सांगायला गेले की बाबा "हं, आईशी बोल" म्हणून फोन देऊन टाकतात आणि आई "जेवलीस का" वर येते. म्हणून लिहिते आहे. चिनूचा स्कॉलरशिपचा क्लास मी १ तारखेपासून बंद केला. फी बुडाली, तेही आधीच सांगून टाकते. आणि पुढचे काही महिने ती बाबांकडे गणिताची वही आणणार नाही. येईल दर बुधवारी, पत्ते खेळेल, आईच्या हातचं खाईल. फक्त वही नाही.

रागवायच्या आधी शेवटपर्यंत वाचा. बाबांचं शिकवणं वाईट असं मी म्हणत नाही. अपूर्णांक त्यांच्यासारखे कोणी समजावत नाही. पण पोरगी पान फाटेपर्यंत खोडरबर घासते. एक आकडा तिरका आला की अख्खं पान पुन्हा. अर्ध्या तासाच्या गृहपाठाला दोन तास लागतात आणि चाचणीच्या सकाळी पोट दुखतं. डॉक्टरांना पोटात काही सापडलं नाही.

आपल्याकडे याला टापटीप म्हणून कौतुकच होतं, म्हणून ओळखू येत नाही. फरक दिसतो तो चूक झाल्यावर. टापटिपीचा माणूस चूक सुधारतो आणि जेवायला बसतो. परफेक्शनिझमच्या माणसाला मात्र चूक झाली म्हणजे आपणच वाया गेलो असं वाटतं. तो कुठूनही हरतोच. जमलं नाही तर स्वतःला बोल लावत बसतो. जमलं तर "सोपंच होतं" म्हणून पुढच्या वेळी आणखी वरचं धरतो. आणि भीती फार झाली की काम पुढे ढकलतो, त्याला आपण आळशी म्हणतो. शफ्रान, कूपर आणि फेअरबर्न या मानसशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये हा फेरा मांडला. त्याआधी १९९१ मध्ये ह्युइट आणि फ्लेट यांनी तीन तऱ्हा सांगितल्या होत्या: स्वतःकडून अपेक्षा, दुसऱ्याकडून अपेक्षा, आणि "सगळे माझ्याकडून अपेक्षा करतात" असं सतत वाटणं. नैराश्याशी जास्त नातं तिसरीचं. बाबा, तुम्हाला आकडा लागतो म्हणून देते: अमेरिका, कॅनडा, ब्रिटनमधल्या ४१,६४१ कॉलेजच्या मुलांची १९८९ ते २०१६ मधली माहिती एकत्र तपासली, तेव्हा ही तिसरी तऱ्हा ३३ टक्क्यांनी वाढलेली निघाली. आकडे तिकडचे आहेत, पण आपल्याकडे एखाद्या क्लासबाहेर संध्याकाळी दहा मिनिटं उभे राहून बघा.

आता खरं बोलायचं ते. बारा जुलै जवळ आली, १९६१ मध्ये पानशेत धरण फुटून पुण्यात पूर आला तो दिवस. खडकवासल्यातून विसर्ग वाढवला, भिडे पूल पाण्याखाली गेला, अशी बातमी लागली की बाबा टीव्हीसमोरून हलत नाहीत. क्युसेकचा आकडा कॅलेंडरवर लिहितात. गोखलेनगर टेकडीला लागून आहे, तिथे मुठेचं पाणी चढणार नाही, हे बाबा, तुमच्याइतकं कोणाला ठाऊक? पूरग्रस्तांना म्हणूनच तर तिथे वसवलं. पण हे डोक्याला माहीत असून भागत नाही. पावसाचा आवाज वाढला की छाती धडधडते, झोप उडते, हात कुलपाकडे जातो.

१९६१ ला तुम्ही आठ वर्षांचे होतात. एका दिवसात घर गेलं की आठ वर्षांच्या मुलाला "धरण फुटलं, त्यात मी काय करणार होतो" असं म्हणता येत नाही. तसं म्हटलं तर पुढच्या वेळीही आपल्या हातात काही नाही हे मान्य करावं लागतं, आणि ते त्या वयात पेलत नाही. त्यापेक्षा "मी नीट वागलो, काही विसरलो नाही, तर पुन्हा असं होणार नाही" हे सोसतं. त्यात आजोबांचा तो स्वभाव, आणि मोठी माणसं सगळी आपापल्या दुःखात. चूक न करणं एवढीच गोष्ट तुमच्या हातात उरली होती.

आघात म्हणजे मारहाणच असं नाही. घर जाणं, घरातलं लांबलेलं आजारपण, रोजचे टोमणे, मार्क पडले तरच मायेने जवळ घेणं, यातलं काहीही पुरतं. प्रत्येक काटेकोर माणसामागे असं काही असतंच असंही नाही. पिंड असतो, आनुवंशिकता असते, शाळा असते. आणि मी दोष देत नाहीये. (दिला होता. दोन वर्षं दिला. आता नाही.)

यातून बाहेर पडता येतं, तुमच्या वयातही. फक्त जुनं उकरण्यापासून सुरुवात करायची नसते. आधी झोप, बीपी, जेवणाच्या वेळा ताळ्यावर आणायच्या. मग रोजच्या सवयी. पुराच्या आठवणी त्यानंतर, आणि त्याही प्रशिक्षित माणसासमोर. रात्री एकट्याने आठवत बसायचं नाही, बाबा.

सुरुवात आईपासून, कारण बाबा ऐकणार नाहीत. आई, बाईंनी घासलेली भांडी तू गुडघा दुखत असताना उभी राहून पुन्हा विसळतेस. उद्या दोन वाट्या तशाच राहू दे, बाकीची विसळ. आधी वहीत लिही, काय होईल असं वाटतं ते: "साबण राहील, पोट बिघडेल." त्याची खात्री शंभरपैकी किती, बेचैनी शंभरपैकी किती, तेही. मग सिंकपाशी जायचं नाही. थोडा वेळ जीव वरखाली होईल. काहीही न करता तो आपोआप खाली बसतो. दुसऱ्या दिवशी शेजारी लिही, खरंच काय झालं. तीन दिवस जमलं की ताटं, मग कुकर.

हे फसतं कुठे, तर बहुतेक वेळा मधेच उठून तपासण्यात. तपासलं की मन शिकतं, "तपासलं म्हणून वाचलो", आणि भीती होती तिथेच राहते. बाबांना "जरा बघता का" म्हणणं म्हणजेही तपासणंच. दुसरं, एकदम कुकरपासून सुरू करणं. त्यात माणूस पहिल्याच दिवशी सोडून देतो. कधी वाटीला साबण राहीलही. तेव्हा पोट बिघडलं का, आणि बिघडलं तरी निभावलं का, एवढंच लिहायचं. आणि बाबा, हे तुमच्यासाठी: वही चांगल्या अक्षरात पुन्हा उतरवून काढायची नाही. चुका करण्यातही पहिला नंबर आणायचा नाही.

तुमचं काम गॅस आणि कुलूप तपासणं कमी करायचं. तीन वेळांवरून दोनवर, आठवड्याने एकवर. बटण फिरवताना मोठ्याने "बंद" म्हणायचं आणि निघायचं. चूक झाल्यावर मनात जो आवाज ओरडतो तो कोणाचा, तेही बघा. मला वाटतं आजोबांचा. चिनूला त्या आवाजात बोलाल का? मग स्वतःशीही नको. हे स्वतःचे लाड नव्हेत; जो स्वतःला झोडपतो तो चुका लपवायला शिकतो.

चिनूशी बोलताना "हुशार गं" टाळा. "हे कसं काढलंस?" विचारा. हुशारीचं कौतुक झालेली मुलं अवघड गणिताला हात लावायला कचरतात, हे म्युलर आणि ड्वेक यांनी १९९८ मध्ये दाखवलं आहे. "बाकीचे तीन मार्क कुठे गेले?" आता आपल्या घरात कोणी विचारायचं नाही, मीसुद्धा. पत्त्यात मुद्दाम हरू नका, तिला कळतं. खरंच हरलात तर हसा, ती तुमच्याकडे बघत असते.

एक गोष्ट न विचारता केली आहे. पुढच्या शुक्रवारी ११ ची एका मानसशास्त्रज्ञ बाईंची वेळ घेतली आहे. बाई मराठी बोलतात, आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी आहे, मी तपासली (हो, एकदाच). आठवड्यातून एकदा, पाऊण तास, दहा-बारा वेळा. त्या गोळ्या देत नाहीत. बीपीची चालू आहे ती मनाने बंद करायची नाही. रिक्षा घेऊन मी येते. पहिल्या दिवशी नुसतं बसलात तरी चालेल, पुराचं नाव काढायची गरज नाही. रात्री घाबरं झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट, मराठीत बोलतात. पण आधी मला उठवा.

माळ्यावरची ट्रंक मी येऊन काढेन. स्टुलावर चढायचं नाही, बाबा, हे विनंती म्हणून लिहिलेलं नाही. कागद प्लॅस्टिकच्या पिशव्यांत आहेत तसेच राहतील, एकही फेकणार नाही. नवी गरम पाण्याची पिशवी आणि गोळ्यांचा सात खणांचा डबा बुधवारी आणते.

आई, बुधवारी चांगल्या पोळ्या आम्हाला आणि वाकड्या स्वतःला असं करू नकोस. वाकडी मला वाढ. लहानपणी मी तीच मागायचे, आणि तू ती पदराआड सरकवायचीस.

तुमची,
मनू