काँक्रीट पडायच्या आधी

लीड्स (इंग्लंड), रविवार संध्याकाळ

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांस साष्टांग नमस्कार.

फोनवर सगळं अर्धवट राहतं. आई "जेवलीस का" विचारते, तोवर बाबा फोन घेतात, तोवर माझी कुणीतरी वाट बघत असतं. म्हणून आज निवांत बसून लिहितेय. मी ठणठणीत आहे. खोकला कधीच गेला, परवा आवाज बसल्यासारखा वाटला तो नेटवर्कमुळे. डबा घरूनच नेते. आई, तू दिलेली कांदा-लसूण चटणी अजून अर्धी बरणी शिल्लक आहे, नवीन पाठवायची घाई करू नकोस.

आई, तू विचारलं होतंस की बाथरूममध्ये दोरी कसली लटकतेय. ती दिव्याची. इथं बाथरूमच्या आत भिंतीवर बटण नसतं. ओला हात विजेच्या बटणाला लागू नये म्हणून बटण छतात आणि त्याला दोरी. एकदा ओढली की दिवा लागतो, पुन्हा ओढली की जातो. साधा प्लगपॉइंटही आत चालत नाही, फक्त दाढीच्या मशीनपुरता एक वेगळा पॉइंट असतो. मग कपडे धुवायचं मशीन ठेवायचं कुठं? तर स्वयंपाकघरात, ओट्याखाली! तुला हे पटणार नाही माहीत आहे. मलाही पहिले दोन महिने भाकरी थापताना शेजारी कपडे घुसळलेले बघवत नव्हते. पण सगळ्यांकडे असंच असतं. त्या दोरीच्या टोकाला लाकडी लटकन असतं, बाबांच्या ओळंब्यासारखं. रात्री अंधारात ते हाताला लागलं की घरची आठवण येते.

बाबा, दादा सांगत होता, कुणी विचारलं की तुम्ही "पोरगी तिकडं बीम काढते" म्हणता. शब्द बिम आहे. बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग. मधला शब्द माहितीचा, आणि काम सगळं त्या मधल्या शब्दाचंच. नकाशावर भिंत म्हणजे दोन रेघा. आमच्या कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमधल्या भिंतीला स्वतःबद्दल ठाऊक असतं: बाहेर वीट, मग पोकळी, मग थंडी अडवणारा थर, आत ब्लॉक. खिडकी चार इंच सरकवली की दर्शनी नकाशा बदलतो, छेद बदलतो आणि विटांचा हिशेबही बदलतो. इथली वीट २१५ बाय १०२.५ बाय ६५ मिलिमीटरची, एका थराच्या भिंतीला चौरस मीटरमागे ६० लागतात. हे तुम्ही पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीनं काढता आणि वाळूचा ब्रासही चुकत नाही. फरक एवढाच की तुमचा हिशेब तुमच्या डोक्यात राहतो, इथं तो सगळ्यांना दिसतो.

आर्किटेक्टचं मॉडेल वेगळं, लोखंड-काँक्रीटवाल्यांचं वेगळं, पाणी-विजेवाल्यांचं वेगळं. दर आठवड्याला आम्ही तिन्ही एकावर एक ठेवतो. मग दिसतं, संडासाचा ११० मिमीचा पाइप थेट लोखंडी बीममधून चाललाय. पाया खणायच्या कितीतरी महिने आधी दिसतं. दादाला काळजी आहे ना, कॉम्प्युटर एवढं करतो तर उद्या हिला कशाला ठेवतील? त्याला सांगा, कॉम्प्युटर शेकडो टकरी दाखवतो, त्यातल्या बऱ्याच फालतू असतात. पाइप हलवायचा की बीम, आणि हलवला तर खालच्या घराच्या स्वयंपाकघरावर काय येईल, हे माणसालाच ठरवावं लागतं. माझी नोकरी जात नाही.

आणि हे नुसतं सोयीचं काम नाही. लंडनमध्ये १४ जून २०१७ ला ग्रेनफेल टॉवर या २४ मजली इमारतीला आग लागली, ७२ माणसं गेली. सुरुवात एका फ्लॅटमधल्या फ्रिजपासून, पण बाहेरून लावलेल्या पत्र्यांच्या आत पेटणारं प्लास्टिक होतं, त्यामुळे आग वरपर्यंत धावली. त्यानंतर २०२२ मध्ये कायदा आला. किमान १८ मीटर उंच किंवा किमान सात मजली राहत्या इमारतीत कुठल्या भिंतीत काय घातलंय याची नोंद इमारत उभी असेपर्यंत जपायची. तिला इथं सोन्याचा धागा म्हणतात. आता मी आठ मजली इमारतीवर आहे. दरवाजा आग किती मिनिटं थोपवेल ते एकेका दरवाजाला लिहिताना मला त्या माणसांची आठवण येते. कंटाळा करून चालत नाही.

सगळीकडे असं चालतं, असं मात्र समजू नका. सरकारनं २०१६ पासून स्वतःच्या पैशाच्या कामांना बिम बंधनकारक केलं, मोठी कामं तशी होतात. पण आमच्या गल्लीत जो बिल्डर घर बांधतोय, तो भिजलेला कागदी नकाशा घेऊनच उभा असतो. आणि हे फक्त गोऱ्यांचं आहे असंही नाही. आपल्या नागपूर मेट्रोत हेच वापरलं, वेळ आणि खर्चही मॉडेलला जोडून.

आता घराचं. दादानं टेप लावून मापं पाठवली, त्यावरून मी आपलं घर मॉडेलमध्ये उभं केलंय. जुनी ओसरी, तुमच्या हातचं जोतं, सगळं आहे. वरच्या मजल्याचा संडास आता नकाशात जिथं दाखवलाय, तिथून खाली येणारा पाइप स्वयंपाकघराच्या दारावरच्या बीमवर बसतो. २०११ चं आठवतं ना? प्लंबरनं तुम्हाला न विचारता छिन्नीनं बीम फोडला, सळया उघड्या पडल्या, त्या रात्री तुम्ही ताटावरून उठलात. मी दाराआडून बघत होते. पाइप नऊ इंच पश्चिमेला घ्या, म्हणजे बीम सुटतो. सेंटरिंगवर सळई बांधून झाली की तिथं स्लीव्ह, म्हणजे पाइप जायला मोकळी नळी, ठेवायला सांगा, नंतर फोडायची वेळ येणार नाही.

स्लॅबला मी येणार म्हणाले होते. येता येत नाही. व्हिसा वाढवायचा अर्ज टाकलाय आणि तो चालू असताना देशाबाहेर गेलं तर अर्ज मागे घेतला असं धरतात. सुट्टी होती, तिकीटही बघून ठेवलं होतं. रागावू नका.

दोन लाख पाठवलेत, ते सळईसाठी. शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता मी इथून भरतेच, त्याची चिंता नको. आई, पाटल्या मोडायच्या नाहीत. दादा म्हणाला तू सोनाराकडे विचारून आलीस. माझ्यासाठी ठेवल्यास ना, मग माझं ऐक.

आणि पुण्याच्या स्थळाचं. मी त्याच्याशी दोनदा बोलले. मुलगा सभ्य आहे, त्याच्यात काही खोट नाही. लग्नानंतर मी काम सोडून पुण्याला यावं असं त्याचं म्हणणं होतं. मी नाही म्हणून सांगितलं. तुम्हाला न विचारता सांगितलं, तेवढं माझं चुकलं. मावशीला मी स्वतः फोन करीन, तुम्हाला ऐकून घ्यावं लागणार नाही. दिवाळीला येते, तेव्हा समोर बसून बोलू.

बाबा, उन्हं वाढलीत, रोज पाणी मारायला माणूस ठेवा, तुम्ही स्वतः शिडी चढू नका. स्लॅबच्या दिवशी व्हिडिओ कॉल नको, तुमचं लक्ष कामात असेल. फक्त काँक्रीट पडायच्या आधी त्या स्लीव्हचा टेपसकट एक फोटो पाठवा. मी जागी असेन.

तुमची,
चिमी