दौऱ्यावर निघणाऱ्या लेकीस

प्रिय बाळा,

प्रभू येशूच्या नावात तुला, जावईबापूंना आणि तिन्ही लेकरांना सलाम. तुम्ही पाचही जण चर्चमध्ये गीतं गायला निघणार त्या दौऱ्याच्या तारखा पक्क्या झाल्या हे वाचून फार आनंद झाला. काय काय लक्षात ठेवायचं ते तू विचारलं आहेस. फोनवर अर्धं राहून जातं, म्हणून सविस्तर लिहितो आहोत. जावईबापूंनाही वाचायला दे, आवाजाच्या यंत्रणेचा भाग तर नक्कीच.

निघण्याआधी सगळ्यांनी मिळून बायबलमधल्या पहिल्या इतिहासाचा २५वा अध्याय वाचा. दावीद राजाच्या काळचा गवई हेमान, त्याला चौदा मुलगे आणि तीन मुली होत्या, आणि ते बापाच्या हाताखाली परमेश्वराच्या मंदिरात गात-वाजवत. आसाफ आणि यदूथून या दुसऱ्या दोन गवयांचीही घरंच्या घरं या सेवेत होती. तयार गवई एकूण २८८. त्यांचे बाराबारांचे २४ गट केले आणि चिठ्ठ्या टाकून पाळ्या लावल्या. लहानथोर, गुरू-शिष्य असा भेद त्यात ठेवला नाही. घराण्याने मिळून गायचं, पण पाळीपाळीने, आणि लहानाची पाळी मोठ्याइतकीच खरी. दौऱ्यात कुठलाही निर्णय अडला तर एवढंच विचारा: याने समोरची मंडळी आणि आपली मुलं जास्त गातील की कमी?

गीतांची निवड तिथूनच सुरू होते. प्रत्येक ठिकाणच्या चर्चच्या पाळकांना किमान तीन आठवडे आधी विचारा की त्यांची मंडळी कोणती गीतं गाते आणि कोणत्या चालीवर. चालीचं विसरू नका. तेच शब्द दोन ठिकाणी दोन चालींवर गातात, आणि तुम्ही भलतीच चाल धरली की पहिल्याच कडव्याला लोक गप्प होतात. तासाभराच्या उपासनेत आठ गीतं पुरे. त्यांतली पाच मंडळीला पाठ असलेली, एक-दोन नवी शिकवायची, आणि फार तर एक फक्त तुम्ही गायचं. नवं गीत शिकवताना आधी धृपद, तेही ओळीओळीने, वाद्यं जवळजवळ बंद ठेवून. मधलीला ओळ सांगू दे. मुलाच्या आवाजातली ओळ लोक पटकन उचलतात, कारण तिच्यात मोठ्यांची हरकत-मुरकी नसते. तेच गीत शेवटी पुन्हा घ्या, म्हणजे ते मंडळीकडे राहतं.

पट्टी हा तर मोठाच विषय. तुझा गळा वरच्या पट्टीत खुलतो, ते ऐकायला गोडही वाटतं, पण तुझ्या पट्टीत मंडळी गाऊ शकत नाही. सर्वसाधारण माणसाला हार्मोनियमवरच्या खालच्या सप्तकातल्या पांढरी ६ (सहावी पांढरी पट्टी) पासून वरच्या पांढरी २ पर्यंत सुखाने गाता येतं. पुरुष तेच एक सप्तक खाली गातात. गीतातला सगळ्यात उंच स्वर त्या वरच्या पांढरी २ च्या पुढे जात असेल तर पट्टी उतरवा. उंच स्वर एकदाच येतो की धृपदात चारदा येतो, तेही बघा. चारदा येत असेल तर आणखी अर्धा स्वर खाली. सकाळच्या उपासनेत गळे जड असतात, तिथे संध्याकाळच्या पट्टीपेक्षा अर्धा ते एक स्वर खालीच धरा. गिटारवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) पुढे सरकवणं सोपं म्हणून पट्टी चढत जाते, तेवढं जावईबापूंना सांग. मेथोडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी १७६१ मध्ये गाण्याविषयी सूचना लिहिल्या. त्यांत मंडळीच्या वर आपला आवाज ऐकू जाईल असं ओरडू नका, असं स्पष्ट सांगितलं आहे. माईक हातात असलेल्यांनी ते आधी ऐकावं.

आता थोरल्याचं. तेरावं लागलं आहे, आवाज फुटायला लागेल. मुलांचा आवाज साधारण बारा ते पंधराच्या दरम्यान उतरतो. त्या काळात कधी कधी पाच-सहाच स्वर भरवशाचे राहतात, आणि तेही महिन्या-महिन्याला सरकतात. आतापर्यंत तो वरचा सूर धरायचा म्हणून याही दौऱ्यात त्याच्याकडून तोच धरून घेऊ नका. त्याच्या आजच्या पाच स्वरांत बसेल अशी साधी ओळ बांधा, नाहीतर त्याला ढोलकीवर बसवा. मात्र गाणं पूर्ण बंद करू नका, हळू आवाजात रोज थोडं चालू द्या. गाताना आवाज फाटला तर घरातलं कुणीही हसायचं नाही, हे निघण्याआधी ठरवा. या वयात एकदा हसू झालं की पुढची कित्येक वर्षं मुलगा तोंड उघडत नाही.

घरच्यांचे आवाज एकमेकांत मिसळतात ही देवाची देणगी आहे, पण तिला रियाज लागतो. आधी सगळ्यांनी एकच 'आ' धरा आणि तोंडं सारखी उघडली आहेत का ते बघा. बेसूर वाटणाऱ्या बऱ्याच जागा खरं तर सुराच्या चुका नसतात, अ-आ-इ यांचे उच्चार प्रत्येकाचे वेगळे पडलेले असतात. ओळीच्या शेवटी 'स' किंवा 'श' आला तर तो एकानेच उच्चारा, बाकीच्यांनी सोडून द्या, नाहीतर माईकमधून पाच फुसकारे एकामागून एक ऐकू येतात. श्वास कुठे घ्यायचा ते वहीत खुणा करून ठरवा.

गळा उपासनेत जेवढा थकतो त्याहून जास्त गाडीत थकतो. इंजिन आणि वाऱ्याच्या आवाजावर बोलताना माणूस नकळत आवाज चढवतो आणि तास-दोन तास तसाच बोलत राहतो. काचा बंद ठेवा, आणि पोचण्याआधीचा शेवटचा तास शांततेचा ठरवून टाका: वाचन, झोप, चित्रं. पाणी सकाळपासून घोटघोट प्या. मंचावर चढताना प्यायलेलं पाणी स्वरतंतूंना लागत नाही, ते अन्ननलिकेत जातं. शरीरात ओलावा पोचायला तास लागतात. सारखं खाकरू नका, आवंढा गिळा. घसा बसला तर कुजबुजून बोलणं हा उपाय नव्हे, त्याने ताण कमी होईलच असं नाही. सरळ मौन पाळा. ओरडल्यावर किंवा जोरात गाताना आवाज एकाएकी गेला तर त्या दिवसापासून गाणं बंद आणि लगेच कान-नाक-घशाचे डॉक्टर. आवाजाचा घोगरेपणा तीन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला तरीही दाखवाच. गाण्याआधी दहा मिनिटं ओठांची फुरफुर, बंद तोंडाने गुणगुणणं आणि खालून वर हलकी मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं), एवढं पुरतं. पूर्ण कार्यक्रमाची तालीम त्याच दिवशी करू नका.

आठवड्याला चारपेक्षा जास्त उपासना घेऊ नका, आणि एक पूर्ण दिवस न गाण्याचा ठेवा. कुणी प्रेमाने आग्रह केला तरी तो दिवस द्यायचा नाही. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते, तेरा पूर्ण झाल्यावर आठ ते दहा. रात्रीची उपासना, मग जेवण, मग गप्पा, असं होता होता साडेअकरा वाजतात आणि दुसऱ्या दिवशी मुलं चिडचिडी होतात. तेव्हा उपासना संपल्यावर दोघांपैकी एकाने मुलांना घेऊन निघायचं आणि दुसऱ्याने लोकांना भेटायला थांबायचं. कोण थांबणार ते आळीपाळीने.

आता यंत्रणा. ठरलेल्या वेळेच्या तीन तास आधी पोचा. पहिल्या तासात स्पीकर, वीज आणि केबल, पुढच्या अर्ध्या तासात आवाजाची चाचणी, आणि मग मुलांना खाऊन आडवं व्हायला पूर्ण तास मिळालाच पाहिजे. स्पीकर नेहमी माईकच्या पुढे, लोकांकडे तोंड करून. माईक शिट्टी मारतो तो बहुतेक वेळा स्पीकरचा आवाज माईकमध्ये परत शिरल्यामुळे. उघड्या माईकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टी न येता मिळणारा आवाज सुमारे ३ डेसिबलने घटतो. एकाऐवजी चार माईक उघडे ठेवलेत तर ६ डेसिबल गेले. म्हणून पाच जणांना पाच माईक नकोत. मुलं दोघं मिळून एका माईकवर गाऊ शकतात, आणि जो गात नाही त्याचा माईक बंद. माईकची जाळी मुठीत धरायची नाही. तशी धरली की तो चारी बाजूंचा आवाज घेऊ लागतो आणि शिट्टी सुरू होते. धाकटीला हे खेळात शिकवा. दोन माईकांमधलं अंतर तोंड ते माईक या अंतराच्या किमान तिप्पट ठेवा, नाहीतर आवाज पोकळ येतो.

कीबोर्डपासून मिक्सरपर्यंत (सगळे आवाज एकत्र करणारं यंत्र) साधी केबल सहा मीटरच्या पुढे नेऊ नका, ती वाटेत खरखर गोळा करते. लांब जायचं असेल तर मध्ये डीआय बॉक्स घाला, म्हणजे वाद्याचा आवाज लांबच्या केबलमधून खरखरीशिवाय नेणारी छोटी पेटी. सतत घुंss असा आवाज येत असेल तर बहुधा कीबोर्ड एका प्लगवर आणि मिक्सर दुसऱ्या लांबच्या प्लगवर आहे. सगळं एकाच ठिकाणच्या विजेवर आणा, किंवा डीआय बॉक्सवरचा ग्राउंड लिफ्टचा (केबलमधली ग्राउंडची जोडणी तोडणारा) खटका वापरून पाहा. अर्थिंगची पिन काढून आवाज घालवणारे लोक भेटतील. ते कधीही करू देऊ नका, धातूच्या जाळीचा माईक ओठांना लागलेला असतो, जीव जाऊ शकतो. सुरू करताना आधी मिक्सर आणि सगळ्यात शेवटी स्पीकर. बंद करताना आधी स्पीकर. केबल कोपराभोवती गुंडाळली की आतल्या तारा पिळून तुटतात, म्हणून एक वेटोळं सरळ आणि एक उलटं अशी गुंडाळायची. थोरल्याला हे काम पूर्ण सोपवून द्या, वरून तपासत बसू नका.

धाकटीच्या कानांना आवाज कमी करणारे इअरमफ घ्याच. ८५ डेसिबलला आठ तास चालतात, त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. मॉनिटरजवळ (गाणाऱ्यांकडे तोंड केलेला स्पीकर) बसलेल्या धाकटीचा विचार याच हिशोबाने करा.

वाद्यं बंद गाडीत उन्हात ठेवायची नाहीत. आतली उष्णता ६० अंशांच्या आसपास जाऊ शकते, डिंक नरम पडतो आणि गिटारचा ब्रिज (तारा अडकवायची लाकडी पट्टी) उचलला जातो. हॉलमध्ये पोचल्यावर पेट्या उघडून वाद्यं अर्धा तास तशीच राहू द्या आणि मगच सुरात लावा. दमट हवेत तबल्याचं कातडं सैल पडतं, कोरड्यात चढतं. त्या मंडळीची हार्मोनियम वापरणार असाल तर सगळ्यांनी तिच्या सुरात यायचं: आधी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये सूर हलवून तिच्याशी जुळवा, मग गिटार. तिचे सूर जागेवर बदलता येत नाहीत, आणि ती ४४० हर्ट्झवर (वाद्यं लावायचा नेहमीचा प्रमाण सूर) असेलच असं नाही. विमानप्रवास असेल तर सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानात. १०० वॉट-अवरपर्यंतच्या सहसा चालतात, त्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते.

पडद्यावर शब्द दाखवायचे किंवा छापून वाटायचे तर त्या मंडळीकडे गीतांच्या हक्कांचा परवाना आहे का ते विचारा. उपासना थेट प्रक्षेपित होणार असेल तर त्याची परवानगी वेगळी लागते.

अर्पणाबद्दल, म्हणजे उपासनेत गोळा होणाऱ्या पैशांबद्दल, २ करिंथ ८:२० आणि २१ वाचा. पैसे नेताना कुणी बोट ठेवू नये म्हणून पौलाने सोबत माणसं घेतली. पैसे त्या मंडळीच्याच दोघांनी मोजावेत, लिहून सही करावी, आणि तुम्ही पावती द्यावी. सेवेचं खातं घरखर्चाच्या खात्यापासून वेगळं. प्रवासखर्च कोण देणार हे आमंत्रणाच्या वेळीच विचारा, त्यात संकोच नको; तिथे पोचल्यावर विचारणं दोघांनाही अवघड जातं. अर्पणाची थैली मुलांच्या हातात द्यायची नाही. मुलाचा चेहरा बघून लोक देतात, आणि ते मुलाला कळतं.

राहायचं तर सगळे एकाच छताखाली. मुलं एका घरी आणि तुम्ही दुसऱ्या घरी, असं कितीही सोयीचं असलं तरी नाही म्हणा. कुणाच्याही घरात, कुणाही बरोबर, मूल एकटं ठेवायचं नाही, आणि हे पाळकसाहेबांना आधीच सांगून ठेवा. समजूतदार पाळकांना त्याचा आदरच वाटतो. कुणाला काय खाल्ल्याने त्रास होतो ते आठवडाभर आधी कळवा. एका गावात एकाच घरी मुक्काम करा. लूक १०:७ मध्ये प्रभूने घरोघर फिरू नका म्हणून सांगितलं आहे.

मुलांच्या साक्षीबद्दल, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगण्याबद्दल, आम्हांला मनापासून सांगायचं आहे. मुलाने एकदा मनातून दिलेली साक्ष लोकांना आवडते, मग ती रोज मागितली जाते, आणि काही दिवसांत ते पाठांतर होतं. मूल त्याच जागी थांबायला आणि त्याच जागी डोळे पुसायला शिकतं. तसं होऊ देऊ नका. कुठल्याही दिवशी कुठल्याही मुलाला "आज मी नाही" म्हणता यावं, आणि कारण विचारू नये. त्या दिवशी ते समोर बाकावर बसेल. बाकावर बसून उपासना करणंही त्याच्या वाट्याला आलं पाहिजे, नाहीतर देवाच्या घरी आपण कायम कामावर असतो असंच त्याला वाटेल.

चुकांची चर्चा त्याच रात्री करायची नाही, आणि मंचावरून डोळे वटारायचे तर मुळीच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी, फार तर तीन गोष्टी. पण भांडण मात्र उद्यावर ठेवू नका. मत्तय ५:२३, २४ आपल्यासारख्या कुटुंबांना अक्षरशः लागू आहे: अर्पण वेदीजवळ ठेवून आधी भावाशी समेट. तुम्हां दोघांत गाडीत तडकलं असेल तर मंचावर चढण्याआधी पाच मिनिटं बाजूला जा, माफी मागा, मुलांच्या देखत मागा. मुलांनी भांडण ऐकलेलं असतं. त्यांनी समेटही पाहिला पाहिजे. त्यासाठी उपासना पाच मिनिटं उशिरा सुरू झाली तरी चालेल.

शेवटचं पिशवीचं. प्रत्येक प्रकारची एक जादा केबल, गिटारच्या तारांचा पूर्ण संच आणि वर पातळ पहिली तार दोन जादा, कारण तुटते तीच. बॅटऱ्या, टॉर्च, मोठ्या अक्षरांत छापलेले सगळ्या गीतांचे शब्द (वीज गेली तर), आणि केबल जमिनीला चिकटवायची कापडी पट्टी. ती लावण्याआधी एका कोपऱ्यात लावून पाहा, कुठे कुठे जमिनीचा रंग उचलून येतो.

रोजच्या कुटुंब प्रार्थनेत तुमची नावं घेतो आहोत. पहिल्या ठिकाणी पोचलात की कळव.

तुझे,
आई आणि पप्पा