पारड्याखालचं शिसं

संपादक महोदय, स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत एका भगिनींनी भाजीबाजारातल्या काटामारीविषयी लिहिलं होतं. पत्र योग्यच होतं, पण त्यातलं एक वाक्य मला बोचलं. आजकाल देवाला भिणारी माणसं उरली नाहीत, असं त्या म्हणतात. देवाला भिणाऱ्या माणसाने काटा मारला, त्याची ही हकिगत आहे. तो माणूस मी.

मी नागपूरच्या सदर भागात गेली पंचेचाळीस वर्षं तराजू-काटे दुरुस्त करतो. वडिलांचाही हाच धंदा. 1958 साली देशात मेट्रिक वजनं यायला सुरुवात झाली आणि त्याच वर्षी माझा जन्म, म्हणून वडील मला लाडाने ‘किलो’ म्हणत. शेर जाऊन किलो येत होता त्या दिवसांतली लबाडी ते रंगवून सांगायचे. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे 933 ग्रॅम. भाव किलोचा सांगायचा आणि पारड्यात जुना शेर टाकायचा. दर खेपेला 67 ग्रॅम दुकानदाराच्या घरी. 1970 च्या 29 नोव्हेंबरला इथल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा ख्रिस्ती पंथांच्या मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. गर्दीतून घरी परतताना वडील म्हणाले, “सहाचं एक झालं हे बरं झालं, पण वजन तेवढं खरं ठेवा म्हणा.” मला तेव्हा त्यात विनोद दिसला होता.

आमच्या घरी रोज सकाळी शास्त्रवाचन होई. खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे, हे बायबलमधल्या नीतिसूत्रांतलं वचन मला अक्षरओळख व्हायच्या आधी पाठ होतं. तरीही 1996 साली एक किराणा व्यापारी दुकानात आला आणि मी त्याला नाही म्हटलं नाही. वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन आणि मुलीची शाळेची फी एकाच महिन्यात आली होती. ही कारणं मी तेव्हा स्वतःला पुष्कळदा सांगितली, आता आपल्याला सांगतो, एवढंच.

ज्यांनी जुना टेबल काटा आतून पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दोन्ही पारडी रिकामी असताना काटा मधोमध उभा राहावा म्हणून खाली एक छोटी खोबणी असते. तिच्यात शिशाचे तुकडे टाकून किंवा काढून समतोल साधतात. मालाच्या पारड्याखाली तीस ग्रॅम शिसं जास्त बसवलं आणि वजनाच्या बाजूला काटा वरवर सरळ दिसेल अशी सोय केली, की गिऱ्हाइकाला दर खेपेला तीस ग्रॅम कमी. पासिंग, म्हणजे वजनमाप खात्याची तपासणी, नुकतंच झालेलं होतं, शिक्का ताजा होता, पुढच्या पासिंगला वेळ होता. मला दुरुस्तीचे साठ रुपये मिळाले आणि वर दोनशे.

अकरा महिने काही झालं नाही. मी रविवारी चर्चला जायचो, चंदा द्यायचो, संडे स्कूलच्या मुलांना जक्कयाची गोष्ट सांगायचो. बुटका जकातदार उंबरावर चढतो, ते मुलांना फार आवडतं. एका रविवारी पाळकसाहेबांनी तोच उतारा घेतला, लूकचा 19 वा अध्याय. मी मात्र मनात हिशेब करायला लागलो, सवयीने. दिवसाला शंभर वजनं धरली तर तीन किलो. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर नऊ क्विंटल. नऊ क्विंटल डाळ-तांदूळ लोकांच्या पिशव्यांतून काढून घ्यायला मी हात लावला होता, दोनशे रुपयांत. त्या दिवशी उपदेश काय झाला, मला आठवत नाही.

सोमवारी मी बायकोला सांगितलं. म्हटलं, तेलपाणी करतो म्हणून काटा मागवतो आणि गुपचूप शिसं काढून टाकतो, कुणाला कळायचंही नाही. ती भाकरी थापत होती. म्हणाली, “मंग हे बी खोटंच न?” हे एक वाक्य मला अजून पुरतं.

मी त्या व्यापाऱ्याकडे गेलो, दोनशे रुपये गल्ल्यावर ठेवले आणि शिसं काढू द्या म्हटलं. तो हसला. “काहून लहान पोरासारखं करून राहिले? तुमचं काम तुम्ही केलं, माझे पैसे मी दिले.” शेवटी त्याने काढू दिलं, पैसे मात्र परत घेतले नाहीत. त्या गल्लीतली पाच दुकानं माझ्या हातून गेली. काटा पुन्हा दुसऱ्याकडून ‘नीट’ करून घेतला असेल, तर मला माहीत नाही. नाव मी तेव्हाही कुणाला सांगितलं नाही, आजही सांगत नाही. माझंही नाव या पत्राखाली छापू नये ही विनंती, कारण त्यावरून दुकान ओळखू येईल आणि आता तिथे बसतो त्या मुलाचा यात काही दोष नाही. आपल्या कार्यालयाला नाव-पत्ता दिला आहे.

उरले ते दोनशे. जक्कयाने लुबाडलेलं चौपट परत करतो म्हटलं, म्हणून आठशे रुपये लिफाफ्यात घालून मी पाळकसाहेबांकडे गेलो. त्यांनी घेतले नाहीत. म्हणाले, “तुम्ही चर्चचं काही घेतलं नव्हतं. ज्यांचं घेतलं त्यांना द्या.” मी म्हटलं, ती माणसं कोण, कुठे शोधू? ते म्हणाले, “ते मला नाही सांगता येणार.” मला राग आला होता. पापाची कबुली घेऊन आलेल्या माणसाला असं दारातून परत पाठवतात का? रस्त्यात चालता चालता राग उतरला, लिफाफा खिशातच राहिला.

त्याच पैशांतून मी एक चांगला टेबल काटा आणि शिक्क्याची वजनं घेतली आणि दुकानाबाहेर स्टुलावर ठेवली. वर पाटी: ‘बाजारातून आणलेलं इथे फुकट तोलून पाहा.’ मंगळवारी बाजार जवळच भरतो, त्यामुळे बायका वांगी, लसूण, जवस घेऊन येतात. कमी भरलं तर मी काही बोलत नाही, त्या स्वतःच परत जाऊन बोलतात, आणि नागपूरच्या बाईला बोलायला शिकवावं लागत नाही. चौपट फिटलं असं मी म्हणत नाही. त्या नऊ क्विंटलची माणसं वेगळी होती.

आता मूळ पत्राकडे. आजचे काटे इलेक्ट्रॉनिक आहेत, त्यात शिसं लपवावं लागत नाही. मागच्या महिन्यात एक तरुण दुकानदार काटा घेऊन आला, “काका, साडेनऊशे ग्रॅमला किलो दाखवेल अशी सेटिंग करून द्या न.” नाही म्हटल्यावर काटा उचलत म्हणाला, “तुम्ही ख्रिश्चन लोक लय इमानदार, बाप्पा.” हे बोलणं मी आयुष्यभर ऐकत आलो आहे, कधी कौतुकाने, कधी असं टोमण्याने. ते ऐकलं की मला नऊ क्विंटल आठवतात. आमच्यातही काटा मारणारे आहेत. एका मंडळीच्या नाताळच्या खाऊविक्रीत मी स्वतः केक डब्यासकट तोलताना पाहिला, आणि बोललो तर “चर्चच्याच कामाचे पैसे आहेत न” असं उत्तर मिळालं. दरवर्षी बोलतो. यंदा डबा वेगळा तोलला, पण माझ्याशी कुणी चहा प्यायलं नाही.

भगिनींनी उपाय विचारला आहे, म्हणून माझ्या धंद्यातलं सांगतो. माल ठेवण्याआधी पडद्यावर शून्य आहे का ते पाहा. मिठाईचा डबा मिठाईच्या भावात तोलू देऊ नका. वजन निव्वळ मालाचंच धरायचं हा कायदा आहे, मग ती संत्रा बर्फी असो की केक. इलेक्ट्रॉनिक काट्याचं पासिंग दर बारा महिन्यांनी आणि लोखंडी वजनांचं चोवीस महिन्यांनी व्हावं लागतं, आणि त्याचं प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावायचं असतं. तारीख वाचायला लाजू नका. काट्याच्या सीलची तार तुटलेली दिसली तर का तुटली ते विचारा. मात्र प्रत्येक चुकीचा काटा लबाडीचा नसतो हेही सांगतो. पाऊस, धूळ, झेपेल त्यापेक्षा जड पोतं टाकणं, यांनी लोडसेल, म्हणजे काट्यातला वजन मोजणारा भाग, बिघडतो आणि गरीब हातगाडीवाल्याला कळतही नाही. कित्येकदा तोच नुकसानीत असतो. महापालिकेने आणि वजनमाप खात्याने मिळून प्रत्येक आठवडी बाजारात एक तपासणी काटा ठेवावा, एवढी मागणी आपण लावून धरावी. खर्च फार नाही, मी आठशेत केला होता, तेव्हाच्या.

परवा एक शाळकरी मुलगा टमाटे घेऊन स्टुलाशी आला. आईने किलो आणायला सांगितले होते, भरले 1 किलो 60 ग्रॅम. त्याने माझ्याकडे पाहिलं, “काका, आता?” मी म्हटलं, जाऊन त्या भाऊला सांग, त्याचा काटा बिघडलाय. तो पिशवी घेऊन निघाला. बाजाराकडे वळला की घराकडे, ते मी पाहिलं नाही, मागे गिऱ्हाईक उभं होतं.

आपला,
एक काटा दुरुस्तीवाला
सदर, नागपूर