सत्कार नको, घरात एक मोठं माणूस द्या

प्रति,
मा. महिला व बालविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई 400 032

विषय: घरातल्या आजारी वा दिव्यांग माणसाचं सगळं करणाऱ्या शाळकरी मुलांबाबत

स. न. वि. वि.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका शाळेत वर्गशिक्षिका आहे. दरवर्षी दहावीचा निकाल लागला की पेपरात एक बातमी हमखास असते: अंथरुणाला खिळलेल्या वडिलांचं करत करत मुलीने नव्वद टक्के मिळवले. तिचा फोटो, पेढा भरवणारी आजी, शाल-श्रीफळ घेऊन आलेले पुढारी. बातमी खरी असते आणि कौतुकही व्हायलाच हवं. पण तिच्याच गावातली, तेच करता करता आठवीत शाळेतून गळालेली दुसरी मुलगी पेपरात येत नाही. हे पत्र त्या दुसरीसाठी आहे.

ही मुलं कोण, ते आधी सांगते. आईला पक्षाघात झालेला, वडील उसाच्या फडावर. वडील डायलिसिसवर, आठवड्यातून तीन फेऱ्या, आई रोजंदारीवर. धाकट्या भावाला सेरेब्रल पाल्सी, त्याला उचलायचं, भरवायचं, धुवायचं. आजीला काही आठवत नाही, ती दार उघडं दिसलं की निघते. आई मनाची आजारी, हे गावाला ठाऊक असतं आणि शाळेत त्याविषयी कुणी बोलत नाही. घरात दुसरं मोठं माणूस नसतं, किंवा असलं तर त्याच्या मजुरीवरच घर चाललेलं असतं. मग उरतं ते मूल. मुलगी असेल तर तिला कुणी विचारतही नाही, तिने करायचं हे ठरलेलंच असतं.

घरकामात मदत म्हटलं की झाडलोट, भांडी, पाणी भरणं डोळ्यांसमोर येतं. इथली कामं वेगळी आहेत. अंग पुसणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, लघवीची पिशवी रिकामी करणं, सकाळच्या आणि रात्रीच्या गोळ्यांची गल्लत होऊ न देणं, फिट आली तर घाबरून न जाणं. माझ्या वर्गातला सातवीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत पळत घरी जातो, आईची कूस बदलतो, पाणी पाजतो आणि घंटेला परत येतो. पोषण आहाराची खिचडी तो शाळेत खात नाही, डब्यात भरून नेतो. नियमात हे बसत नाही, मी न बघितल्यासारखं करते. पाठीच्या जखमा कशा धुवायच्या हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. अपूर्णांकांचा भागाकार मात्र त्याला येत नाही, कारण तो शिकवला त्या आठवड्यात आई सिव्हिलमध्ये होती.

हजेरीपटावर याची नोंद काय? 'गैरहजर'. विचारलं तर 'घरगुती कारण'.

शाळाबाह्य मुलं शोधायला आम्ही शिक्षक वीटभट्ट्या फिरलो, पालं फिरलो, 2022 च्या जुलैत 'मिशन झीरो ड्रॉपआउट'साठी घरोघर गेलो. ही मुलं त्या जाळ्यात सापडली नाहीत, कारण त्यांची नावं पटावर होती. महिनाभर सलग दिसलं नाही की मूल शाळाबाह्य धरलं जातं. ही मुलं तशी दिसेनाशी होत नाहीत. सोमवारी येतात, मंगळवारी नाही, गुरुवारी दुपारून येतात. नववीपर्यंत ढकलत जातात आणि मग दहावीला 75 टक्के हजेरी भरत नाही म्हणून कुणीतरी सुचवतं, '17 नंबरचा फॉर्म भर, बाहेरून बस.' तो भरलाच जातो असं नाही.

मोजणाऱ्यांचीही नजर इकडे वळत नाही. केंद्राच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात सहा वर्षांपुढच्या सगळ्यांना दिवस कसा गेला ते विचारलं होतं. घरच्यांची देखभाल करणाऱ्या 15 ते 59 वयाच्या बायकांचे दिवसाला 140 मिनिटं त्यात जातात आणि पुरुषांची 74, हा आकडा ठळकपणे प्रसिद्ध झाला. 6 ते 14 वयोगटाचा ठळक आकडा होता तो शिकण्याचा. दहा वर्षांचं मूल देखभाल करत असेल ही शक्यताच कुणी मथळ्यात घेतली नाही.

कायद्याची तऱ्हाही अशीच. बालमजुरीच्या कायद्यात 2016 साली दुरुस्ती झाली. शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत मुलाने कुटुंबाला हातभार लावणं त्यात चालतं, आणि ते रास्तच आहे. पण आजारी माणसाची गरज शाळेच्या घंटेवर चालत नाही. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा म्हणतो, रुग्णाचा नामनिर्देशित प्रतिनिधी अज्ञान नसावा. म्हणजे आईच्या उपचारांबाबत बोलायचा अधिकार तेरा वर्षांच्या मुलीला नाही. आईला गोळी द्यायची, आणि आईने ती थुंकली तर पुन्हा द्यायची, हे काम मात्र त्या मुलीचंच.

मग ही मुलं बोलत का नाहीत? भीतीने. 2015 च्या बाल न्याय कायद्यात पालक सांभाळायला असमर्थ ठरले तर मूल 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलं' धरता येतं. तरतूद वाईट नाही. पण वस्तीत ती पोचते ती एवढीच: 'साहेब लोक येतील आणि तुला बालगृहात टाकतील.' एका मुलीने मला शपथ घालून सांगितलं होतं, बाई, आईचं कुणाला सांगू नका. तिला काय हवं होतं? आईपाशी राहायचं होतं आणि सहलीलाही जायचं होतं. दोन्ही एकदम मागणं तिला जास्तीचं वाटत होतं.

आपल्या विभागाकडे काहीच नाही असं मी म्हणणार नाही. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत कर्करोग, एचआयव्ही, कुष्ठरोग अशा आजारांच्या किंवा दिव्यांग पालकांच्या मुलांना महिना 2,250 रुपये मिळू शकतात. केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेत प्रायोजकत्वाचे महिना 4,000 रुपये आहेत, उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला 72,000. आता हे मिळवायचं कसं ते बघा. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून, बोनाफाईड शाळेतून, आजाराचा दाखला सरकारी दवाखान्यातून, गृहचौकशी, आणि मग बालकल्याण समिती, ती जिल्ह्याच्या ठिकाणी. आईला दिव्यांग प्रमाणपत्र हवं असेल तर तिला उचलून सिव्हिलला न्यायचं. संजय गांधी निराधारचे पैसे चालू राहावेत म्हणून दरवर्षी हयातीचा दाखला. ही सगळी पळापळ घरात कोण करतं? शाळा बुडवून तेच मूल. पैसे सुरू झाले तरी महिनोन्महिने अडकतात, हे आपल्या कार्यालयांना मी सांगायला नको.

पण माझं खरं म्हणणं पुढेच आहे. उद्या ही रक्कम दुप्पट झाली आणि एक तारखेला खात्यात पडू लागली, तरी मधल्या सुट्टीत पळत घरी जाणारा मुलगा पळतच राहील. पैशाने घरात तांदूळ येतो, आईची कूस बदलायला माणूस येत नाही. उलट मला धास्ती आहे ती वेगळीच. मुलाच्या नावावर पैसे येतात म्हणून ते काम कायमचं त्याच्या गळ्यात पडेल आणि आपण ते सोडवल्याचं समाधान मानू. मदत आजारी माणसापर्यंत गेली पाहिजे, मोठ्या माणसाच्या हातून. मूल त्यातून आपोआप मोकळं होईल.

याला कायद्याचा आधार आहे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम 24 मध्ये जास्त आधाराची गरज असलेल्या व्यक्तींसाठी देखभाल करणाऱ्याच्या भत्त्याची तरतूद आहे. माझ्या पंचक्रोशीत तो मिळणारं एकही घर मला अजून भेटलेलं नाही. केरळात 'आश्वासकिरणम' नावाची योजना अंथरुणाला खिळलेल्यांची देखभाल करणाऱ्याला महिना 600 रुपये देते. रक्कम फारच तुटपुंजी आहे, पण हे काम आहे आणि त्याला मोल आहे एवढं तरी सरकारने मान्य केलं. त्याच राज्यात 2008 च्या पॅलिएटिव्ह केअर (दीर्घ आजारातल्या रुग्णाचा त्रास कमी करणारी शुश्रूषा) धोरणापासून नर्स पंचायतीमार्फत घरी येऊन जखमा बघते, कॅथेटर बदलते. आपल्याकडे महात्मा फुले योजनेतून पाच लाखांपर्यंतचं ऑपरेशन होतं, आणि डिस्चार्जच्या दिवशी रुग्ण बारा वर्षांच्या मुलाच्या हाती सोपवला जातो.

तेव्हा मागणं असं. अशा घरासाठी दिवसातले निदान शाळेचे तास एक पगारी मदतनीस द्या. ती शेजारची बाई असू दे, आत्या असू दे, बचतगटातली कुणी असू दे. तिला थोडं प्रशिक्षण द्या आणि मानधन वेळेवर द्या. दिव्यांग कल्याण विभाग 2022 च्या डिसेंबरात वेगळा झाला, आरोग्य विभाग तर आहेच. तिघांनी एकत्र बसायचं कुणाच्या दालनात, हे आपण ठरवा. फक्त 'हा विषय आमच्याकडे येत नाही' असं उत्तर तिघांकडूनही नको.

घरं शोधायला नवं पोर्टल काढू नका, हात जोडून सांगते. आम्ही शिक्षक आहे त्याच रकान्यांत बुडालोय. आशाताई तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे मधुमेह-रक्तदाबासारख्या आजारांचा धोका तपासणारा फॉर्म, भरतात. खाणं, अंघोळ, संडास यांसाठी दुसऱ्याची मदत लागते का, हा प्रश्न त्यात आहे, पण साठीपुढच्यांसाठी. तो सगळ्यांना विचारा आणि खाली एक ओळ वाढवा: मदत कोण करतं, त्याचं वय काय? वय अठराच्या आत आलं की ते घर मदतनीसाच्या यादीत. शाळेत आम्ही विचारू, पण मुलाला बाजूला घेऊन, आणि ती माहिती नोटीसबोर्डावर जाणार नाही याची हमी आम्हाला आधी हवी. अशा मुलाची बुडालेली हजेरी मुख्याध्यापकांच्या पत्रावर माफ व्हावी, यासाठी शालेय शिक्षण मंत्र्यांशी आपण बोलावं. इंग्लंडमध्ये अशा मुलांच्या गरजा तपासणं 2014 च्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि 2023 पासून शाळांच्या पटनोंदीत त्यांची मोजणीही होते. आपल्याला तिथवर जायला वेळ लागेल, हे मी समजू शकते.

घरोघर पोचता येत नाही हे मात्र ऐकून घेणार नाही. 2024 च्या जुलैत लाडकी बहीणचे अर्ज भरायला आपल्याच विभागाच्या अंगणवाडी सेविका वाड्यावस्त्यांवर फिरल्या होत्या. ज्या घरात त्या अर्जावर अंगठा द्यायला आईला मुलाने बसतं केलं, ती घरं त्यांच्या ध्यानात असतील. येत्या जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत एका तालुक्यात हे करून बघा. आमचा तालुका घेतलात तर पहिली काही घरं मी स्वतः दाखवते, मुलांची परवानगी घेऊन.

आपली,
एक वर्गशिक्षिका,
सोलापूर जिल्हा

प्रत: मा. शालेय शिक्षण मंत्री, मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, मा. दिव्यांग कल्याण मंत्री