घर सोडतीत लागते, पण त्या घरात राहता येईल का?

प्रति,
मा. गृहनिर्माण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : दिव्यांग आणि दीर्घ आजाराच्या रुग्णांना घर देताना त्यांची गरज विचारात घेणे व त्यांच्यासाठी सहायक नेमणे याबाबत.

माननीय महोदय,

सादर नमस्कार. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून मी अनेक वर्षे नोकरी केली आणि निवृत्तीनंतर नेरुळ परिसरातील रुग्णांना व दिव्यांगांना अर्ज भरणे, दाखले काढणे, कार्यालयांत सोबत जाणे अशा कामांत मदत करते. या कामात पुन्हा पुन्हा दिसलेली एक उणीव आपल्यापुढे जाहीरपणे मांडणे मला आवश्यक वाटते. दिव्यांगाला घराचा वाटा देणारा कायदा आपल्याकडे आहे, पण मिळालेल्या घरात त्याला खरोखर राहता येईल का, हे विचारण्याची जबाबदारी कोणावरच नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३७ प्रमाणे घरांच्या योजनांमध्ये ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींसाठी ५ टक्के आरक्षण असून त्यात महिलांना प्राधान्य आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही दिव्यांग व ज्येष्ठांच्या कुटुंबांना शक्यतो तळमजला किंवा खालचे मजले द्यावेत, असे म्हटले आहे. या ‘शक्यतो’चा अनुभव काय येतो, ते सांगते. अपघातानंतर कमरेखालचे शरीर निकामी झालेल्या एका गृहस्थांना सरकारी सोडतीत घर लागले. ताबा घेतल्यावर कळले की त्यांची व्हीलचेअर २६ इंच रुंद आहे आणि न्हाणीघराचा दरवाजा २४ इंचांचा. शेवटी त्यांनी दरवाजा चौकटीसकट काढून टाकला, उंबरा फोडला आणि तिथे पडदा लावला. घरात दोन मुली वाढत आहेत. घर बदलून मिळेल का, असे विचारले तेव्हा तशी तरतूद नसल्याचे उत्तर मिळाले.

केंद्राच्या २०२१ च्या सुगम्यता (म्हणजे इमारती दिव्यांगांना सहज वापरता येणे) मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे व्हीलचेअर जाण्यासाठी दरवाजाची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर आणि ती वळवण्यासाठी १५०० मिलिमीटर जागा लागते. इमारत बांधतानाच ही मापे धरली तर खर्च किरकोळ वाढतो; ताबा मिळाल्यावर मात्र तोच बदल करण्याचा भार अर्जदाराच्या खिशावर आणि शेजाऱ्यांच्या मर्जीवर पडतो. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सुगम्यतेचे मूलभूत निकष केवळ शिफारस म्हणून न ठेवता बंधनकारक करण्याचा आदेश दिला आहे. सरकारी घरांच्या नकाशात तो सर्वांत आधी दिसायला हवा.

ज्यांच्याकडे दिव्यांगत्वाचा दाखलाच नाही, अशा रुग्णांची स्थिती याहून अवघड आहे. कायद्याच्या यादीत २१ प्रकार आहेत आणि थॅलेसिमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, पार्किन्सन यांसारखे आजार त्यात आल्याने अनेकांना आधार मिळाला. परंतु मूत्रपिंड निकामी होऊन डायलिसिसवर असलेला रुग्ण या यादीत नाही. माझ्या ओळखीच्या एक ताई लिफ्ट नसलेल्या चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि आठवड्यातून तीन वेळा डायलिसिसला जातात. चार तास यंत्राला जोडलेल्या अवस्थेत काढून परत आल्यावर रक्तदाब उतरलेला असतो. पती प्लास्टिकचे स्टूल घेऊन पुढे चालतात आणि प्रत्येक वळणावर त्यांना बसवतात. डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी, म्हणजे फिस्टुला, डाव्या हातात असल्याने त्या हातावर भार टाकायचा नाही, आणि उतरताना जिन्याचा कठडा नेमका त्याच बाजूला येतो. तळमजल्यावरची भाड्याची खोली त्यांनी शोधली नाही असे नाही. डायलिसिसचे नाव निघताच दोन घरमालकांनी नकार दिला.

भाड्याच्या घरांची ही अडचण एकट्या त्यांची नाही. खारघरला टाटा स्मारक केंद्राचे कर्करोग रुग्णालय असल्याने राज्यभरातून कुटुंबे उपचारांसाठी आमच्या शहरात येतात; ती अनामत रक्कम भरून, अकरा महिन्यांच्या करारावर, मालकाच्या मनात येईल तोवर राहतात. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांचे मासिक अनुदान १,५०० वरून २,५०० रुपये केले, हे शासनाने चांगलेच केले, पण एवढ्या रकमेत येथे एका खोलीचे भाडेही भागत नाही. उपचार चालू असेतो भाड्यासाठी वेगळे साहाय्य मिळाले पाहिजे आणि आजाराचे कारण सांगून घर नाकारणाऱ्यावर कारवाईची तरतूद हवी.

माझी आपल्याकडे मुख्य मागणी सोडतीच्या पद्धतीविषयी आहे. सिडकोने २०२४ मध्ये अर्जदारांना पसंतीचे घर निवडण्याची मुभा दिली. म्हणजे मजला आणि माणूस यांची सांगड घालणे यंत्रणेला जमते. तेव्हा म्हाडा आणि सिडको या दोघांच्याही अर्जात गरजेचा रकाना असावा : व्हीलचेअर लागते का, जिना चढता येतो का, ऑक्सिजनचे यंत्र घरात चालते का, उपचार कोठे चालू आहेत. त्यावरून खालचे मजले आधी वाटले जावेत आणि गैरसोयीचे घर लागल्यास ते त्याच संकुलात एकदा विनाशुल्क बदलून मिळावे. यादीबाहेरच्या गंभीर आजारांसाठी सरकारी रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर मजल्याचे प्राधान्य द्यावे, मात्र दिव्यांगांच्या ५ टक्क्यांतून एकही घर कमी होता कामा नये. एका दुबळ्याचा घास काढून दुसऱ्याला देण्यात न्याय नाही.

गृहनिर्माण संस्थांबाबतही स्पष्ट आदेशाची गरज आहे. रॅम्प किंवा दुसऱ्या बाजूचा कठडा बसवण्याचा अर्ज सर्वसाधारण सभेच्या नावाखाली वर्षभर पडून राहतो. त्यावर ३० दिवसांत लेखी निर्णय देणे बंधनकारक करावे आणि नकाराविरुद्ध उपनिबंधकांकडे दाद मागता यावी.

यांतली कोणतीही सोय कागदावरून माणसापर्यंत पोहोचवायची तर मधे एक माणूस लागतो. म्हाडा गृहनिर्माण विभागाकडे, सिडको नगरविकासकडे, दिव्यांग कल्याण हा २०२२ पासून स्वतंत्र विभाग, आणि दाखला रुग्णालयाकडे. ज्याला जिना उतरणे जड जाते त्याने हे सारे उंबरठे झिजवायचे, असा आजचा प्रकार आहे. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांच्या प्रत्येक प्रभाग वा विभाग कार्यालयात एक प्रशिक्षित सहायक नेमावा, ज्याने अर्ज भरून द्यावा, गरज पडल्यास घरी जावे आणि प्रकरण निकाली निघेपर्यंत त्याचा पाठपुरावा करावा. स्थानिक संस्थांनी दिव्यांगांसाठी राखून ठेवायच्या ५ टक्के निधीतून हा खर्च भागू शकतो.

पुढील सोडतीची जाहिरात निघण्यापूर्वी संबंधित तिन्ही विभागांची एकत्र बैठक आपण बोलवावी आणि तिला व्हीलचेअर वापरणाऱ्या व डायलिसिसवरील व्यक्तींनाही निमंत्रित करावे, ही विनंती. बैठकीची जागा मात्र लिफ्ट असलेली निवडावी.

कळावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय),
नेरुळ, नवी मुंबई